एका घरात एकच बायजा

"एवढ्या बायजा हाईत या घरात, आनि घोटभर चहा द्यायला एक नाय."

पडवीतल्या खाटेवरून म्हातारी हे भिंतीला सांगत होती. भिंतीने ऐकलं की नाही कोण जाणे, पण खाटेखालचं तपेलं काढायला वाकलेल्या सुचिताने ऐकलं. ती तशीच वाकून राहिली. कंबर धरली होती. सकाळपासून तिने सासूला दोनदा चहा दिला होता. पहिला सांडला. दुसरा प्यायल्याचं म्हातारी विसरली.

"देते आई," ती म्हणाली.

"तू काय बायजा हायस?"

"नाही."

"मग तुला कोन बोललं?"

तेवढ्यात मागच्या दारी प्रणय ओरडला, "मम्मी, बायजा बंद कर! टाकी वाहतेय!"

"बघ," म्हातारी म्हणाली. "मनाच बंद कर बोलतात."

सुचिता उठली, आत जाऊन मोटरचं बटण खाली केलं. बत्तीस-पस्तीस वर्षांत तिला याची सवय झाली होती, पण होमस्टेला आलेल्या पाहुण्यांना समजावताना तिची दरवेळी दमछाक व्हायची. विहीर बायजेची, म्हणून विहिरीवरची मोटर बायजा. विहिरीला लागून असलेलं खाचर बायजेचं. बांधावरचा रायवळ आंबा, ज्यात कोय सोडून चाटण्याइतकंच काही असतं, तोही बायजा. घरचा पांढरा कांदा, ज्याचं बी दरवर्षी घरीच धरायचं आणि सख्ख्या शेजाऱ्यालाही द्यायचं नाही, तो बायजी कांदा. गाय होती ती बायजा. ती गेली, तिची कालवड बायजा. टेम्पोच्या काचेवर बायजा. आणि आता रस्त्याच्या तोंडाला लाल पाटी, 'बायजा होमस्टे, एसी रूम, घरगुती जेवण', त्यामुळे अलिबागहून नागावला येणारे रिक्षावाले त्या वळणालाच बायजा म्हणू लागले होते. पुण्याच्या कुणा पाहुण्याने मोबाइलवर शेरा लिहिला होता, 'बायजा छान आहे, शांत आहे, पण पाणी जरा मचूळ.' प्रणयने तो हौसेने आजीला वाचून दाखवला. म्हातारी म्हणाली, "बराबर हाय."

झाडाला, गुराला, यंत्राला हे नाव कितीही वेळा द्या, कोणी अडवत नव्हतं. माणसांत मात्र बायजा एकच. एका घरात, एका वेळी. एक गेल्याशिवाय दुसरी होत नाही, होते ती पाळण्यात नाहीतर लग्नात, आणि घरात बायजा नसून चालत नाही. पहिल्या बायजेने माहेरून पदरात कांद्याचं बी बांधून आणलं, तिच्या पायगुणाने विहिरीला गोडं पाणी लागलं, असं सांगतात. मधे एकदा बायजा गेली आणि घरात मुलगीच नव्हती, तेव्हा विहीर खारी झाली, कांदा जमिनीतच कुजला. मग लग्न होऊन पुन्हा बायजा आली आणि पाणी गोड झालं. त्या वर्षी पाऊसही भरपूर झाला होता, हे कोणी सांगत नाही.

त्या परत आलेल्या बायजेला आता चहा हवा होता.

आणि आत पाळण्यात पाच महिन्यांची पोर हात चोखत पडली होती, तिला नाव नव्हतं.

गणपतीत जन्मली ती. प्रणय आणि प्राप्तीची पहिली, आणि म्हातारीची लेक कमळ हिच्यानंतर या घरात जन्मलेली पहिलीच मुलगी. त्याच आठवड्यात म्हातारीने खाट धरली. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आता घरी न्या. जे मागतील ते खायला द्या." सगळ्यांना कळायचं ते कळलं. बारावा दिवस आला तेव्हा सुचिताचा नवरा दत्तात्रेय एवढंच म्हणाला, "बारशाचं थांबू थोडं." कशासाठी, ते कोणी विचारलं नाही. मग पितृपक्ष आला. मग बाळाला सर्दी झाली. मग दिवाळीचे पाहुणे. मग नाताळचे. सबबी एकेक करून येत होत्या आणि आल्या तशा जात होत्या. जात नव्हती ती फक्त म्हातारी. दोनदा निघाली आणि दोनदा वळून आली. दुसऱ्या खेपेला तर थळहून कमळ बॅग भरून आली होती, तोंडात गंगाजळ घालून झालं होतं, शेजारच्या बाया ओटीवर गप्प बसल्या होत्या. पहाटे म्हातारीने डोळे उघडले आणि सुकटीची चटणी मागितली.

सुचिताने ती वाटली. वाटता वाटता रडली. कशाने, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

आज रविवार. आज सगळे जमणार होते, कारण प्राप्तीने चार दिवसांपूर्वी जेवताना शांतपणे सांगितलं होतं, "हा सोडून पुढच्या रविवारी माझे मम्मी-पप्पा पनवेलला बारसं करतायत. मी बेबीला घेऊन जाते." परत कधी येणार, ते तिने सांगितलं नव्हतं.

*

बाळाला तेल लावायचं काम अजून म्हातारीचंच होतं. तिच्या हातांना कंप सुटला होता, चहाचा कप धरवत नव्हता, पण तेलाचे हात पोरीच्या अंगावर पडले की कंप कुठे जायचा कोण जाणे. प्राप्ती पाय पसरून खाटेला टेकून बसे, पायांवर बाळ, आणि खाटेवरून वाकून म्हातारी चोळत असे.

"पाय बघ हिचे. वासरागत मारते."

"आजी, पुढच्या रविवारी…"

"पनवेलला नेतेस. नाव ठेवायला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"खाटेवरच्या मानसाला कोन सांगत नाय काय. म्हनून तर सगळं कळतं." तिने पोरीची टाळू थापटली. "काय ठेवनार?"

"त्विशा."

"क्काय?"

"त्वि-शा."

म्हातारीने ते तोंडातल्या तोंडात दोनदा फिरवून पाहिलं. दात नव्हते, दोन्ही वेळा निसटलं. "हाक मारायला नाय येत गो. विहिरीवरनं हाक मारलीस तर घरापर्यंत पोचायची नाय."

प्राप्ती हसली. या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून ती मनापासून हसली असेल तर या खाटेजवळ. सासूबाई चांगल्या होत्या, पण कायम दमलेल्या. सासरे कांद्याशी बोलायचे. प्रणयला तर त्या नावाची एक जाहिरात दिसत होती: खाटेवरची बायजा, मांडीवर छोटी बायजा, मागे लाल पाटी. फोटोचा कोनसुद्धा त्याने ठरवून ठेवला होता. फक्त एका वेळी दोघींना बायजा म्हणता येणार नाही, एवढीच अडचण होती, आणि ती अडचण तो बोलत नसे.

"पनवेलला नको नेऊस असं नाही का म्हणणार?" प्राप्तीने विचारलं.

"मी कोन म्हननारी? नेऊ नको म्हनलं तर विचारशील, मग काय करू. तेचं उत्तर माज्याकडं नाय." ती थांबली. "हाय, पन माज्या हातात नाय."

प्राप्तीने मान खाली घातली. दुपारी म्हातारी झोपली की ती हळूच येऊन बघायची, छाती हलतेय का. हललेली दिसली की बरं वाटायचं. आणि त्या बरं वाटण्याच्या मागे आणखी काहीतरी उभं असायचं, त्याच्याकडे ती बघायची नाही.

"लई वापरलं का नाव पन सैल होतं," म्हातारी तेलाचे हात स्वतःच्याच पायांना पुसत म्हणाली. "बायजा म्हनून कोन ओरडलं, की मना कळत नाय मनाच का मोटरला. मी आपली ओ देते. दोगींतली एक तरी चालू व्हईल."

*

कमळ आली ती मागच्या दाराने. माहेरी पुढच्या दाराने येते ती पाहुणी, असं तिचं म्हणणं. हातात मांदेलीची पिशवी. सुचिता वालाचं बिरडं सोलत बसली होती.

"किती वाळलीस गं वहिनी. माझ्या आईची सेवा करतेस की तिच्याशी शर्यत लावलीयेस?"

"तुम्ही या चार दिवस, कमळताई. शर्यत तुम्ही लावा."

"येते म्हटलं की दादा म्हणतो, कशाला, आम्ही आहोत. नाही आले की म्हणतो, हिला आईचं काही नाही." कमळ खाली बसली आणि ओंजळभर वाल पुढे ओढले. दिवाळीत दोघींचं याच जागी कडाक्याचं वाजलं होतं, आईजवळ कोणी बसायचं यावरून. आज दोघींची बोटं मात्र एकाच गतीने सालं काढत राहिली.

"मी सांगून ठेवते," कमळ म्हणाली. "प्रणयला बहीण नाही, कानात नाव सांगायचा मान माझा आहे. पण आई जिवंत असताना तिचं नाव मी दुसऱ्या कोणाच्या कानात सांगणार नाही. जीभ झडेल माझी."

"कोण सांगतंय सांगा म्हणून?"

"सुनेला पनवेलला पाठवायचं नाही म्हणजे काय मग?"

"मला नात पाहिजे घरात. नाव कुठलंही चालेल."

"दादाला चालेल?"

सुचिताने सोललेले वाल पाण्यात टाकले. दादाला चालणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

कमळने सालं एका बाजूला केली. या घरात बायजा नावाच्या इतक्या गोष्टी होत्या, कमळ नावाचं वांग्याचं रोपही नव्हतं. ती घरची लेक. नाव मात्र बाहेरून आलेल्या सुनेचं, म्हणजे तिच्या आईचं. लहानपणी तिने आजीला विचारलं होतं, मी बायजा का नाही? आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझी आई हाय ना अजून." त्या 'अजून'चा अर्थ कळायला कमळला दुपार झाली. मग उरलेला दिवस ती आईच्या पदराला धरून फिरली. आई वैतागून म्हणाली होती, काय झालं काय तुला?

"वहिनी, खरं सांग," ती आवाज उतरवून म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार. तो म्हणतो, म्हातारी चिवट आहे."

दोघींना हसू आलं. मग दोघींनाही ते आवरावंसं वाटलं, आणि दोघी एकदम उठल्या.

*

जेवणं झाली तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांतून तिरकं आलं होतं. दत्तात्रेय ओटीवर पाट टाकून बसला. थळच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याने कांद्याखेरीज कशात लक्ष घातलं नव्हतं. कांद्याचं बरं असतं, तो जमिनीत काय करतो ते तोच जाणे. माणसांनी बसून ठरवावं लागत नाही. आज मात्र सगळे त्याच्याकडे बघत होते. पडवीचं दार उघडं होतं आणि त्या दारातून खाटेची एक बाजू आणि म्हातारीचे पाय दिसत होते. पाय झोपलेले होते. कान झोपले होते की नाही, याची खात्री नव्हती, म्हणून सगळे हळू बोलत होते.

"पप्पा, दोन नावं ठेवू," प्रणय म्हणाला. "पाळण्यातलं एक, कागदावरचं एक. सगळे तेच करतात."

"पाळण्यातलं कुठलं?"

"ते… नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?" प्राप्तीने विचारलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं आणि तिच्या केसांची बट तोंडात घालत होतं. "पाच महिने नंतरच चाललंय. तिला डोस द्यायला नेते, नर्स विचारते बाळाचं नाव काय, मी म्हणते ठेवायचंय. मागच्या वेळी ती म्हणाली, ताई, अजून?"

"अगं पण घराची एक रीत आहे," दत्तात्रेय म्हणाला.

"मी रीत मोडा म्हणतच नाहीये, पप्पा. तिला त्या रीतीत घेऊच नका. दुसरं नाव ठेवा, मी इथेच बारसं करते."

"आणि बायजा?"

"काय बायजा?"

"पुढे. घरात. मुलगी एकच आहे." दत्तात्रेयने मागच्या दाराकडे हात केला. "विहिरीचं पाणी आताच मचूळ झालंय."

"पाणी मचूळ झालंय कारण आजूबाजूला दहा होमस्टे झालेत आणि सगळ्यांनी बोअर मारलेत," प्रणय म्हणाला.

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" प्राप्तीने त्याला विचारलं. प्रणय पाण्याच्या बाबतीत तिच्या बाजूने होता आणि पाटीच्या बाबतीत वडिलांच्या.

"माझं ऐका," कमळ म्हणाली. "घाई कशाला? आधी आईचं काय ते होऊ दे…"

झोपाळ्याची एक कडी किरकिरत होती, ती थांबली.

"काय होऊ दे?" सुचिताने विचारलं.

"तब्येतीचं," कमळ म्हणाली. "तब्येतीचं म्हणते मी."

"हां. तब्येतीचं," दत्तात्रेय म्हणाला.

"तब्येतीचंच," प्रणय म्हणाला.

तेवढ्यात अर्ध्या चड्डीतला एक पाहुणा अंगणातून डोकावला. "सॉरी हां, पोपटीचं मडकं जाळावर किती वाजता लावणार? मुलं विचारतायत. आणि त्या बायजा आजींसोबत एक फोटो मिळेल का?"

"पोपटी सहाला," प्रणय म्हणाला. "आजींची तब्येत…"

"ओके, ओके," म्हणत पाहुणा गेला. त्याला ते लगेच पटलं. बाहेरच्या माणसाला किती पटकन पटतं, असं दत्तात्रेयच्या मनात आलं.

रिक्षा आली ती त्याच वेळी. रेवदंड्याची, मागे एका बाजूला कललेली. तिच्यातून आधी काठी उतरली, मग सुक्या बोंबलांची पिशवी, मग नामामामा, म्हातारीचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे तोही आता काठीएवढाच उरला होता. बहिणीचं काही खरं नाही, असं कोणीतरी बाजारात सांगितल्यावर तो भाच्याला फोनही न करता निघून आला होता. अंगणात पाय टेकताच त्याने घराकडे तोंड करून, शेतावरून मारावी तशी हाक मारली.

"ठमे! ए ठमे!"

प्राप्तीने इकडेतिकडे पाहिलं. प्रणयनेही. दत्तात्रेय आणि कमळने एकमेकांकडे पाहिलं.

आणि पडवीतून आवाज आला, "आले रे!"

तो आवाज त्या घरात कोणी ऐकलेला नव्हता. किरकिरा नव्हता, दमलेला नव्हता. कोणीतरी परकर खोचून विहिरीकडून धावत यावं तसा होता. दारातून दिसणारे पाय हलले, खाली आले, जमिनीला टेकले. गणपतीपासून जे पाय सुचिताने उचलून ठेवले, उचलून पुसले, ते आपण होऊन जमिनीला टेकले.

नामामामाने काठी छातीशी धरली. "काय बोललू मी! बायजाताई म्हनायचं व्हतं. दत्ता, चुकलू रे. तोंडाला आता बांध ऱ्हायला नाय." तो खरोखर घाबरला होता. लग्नानंतर पहिल्यांदा बहिणीला भेटायला आला तेव्हा दत्तात्रेयच्या आजीने त्याला याच अंगणात अडवून सांगितलं होतं: या उंबऱ्यात ते नाव घ्यायचं नाय, विहीर खारी व्हईल. तेव्हा तो पोरसवदा होता. तेव्हापासून त्याने सख्ख्या बहिणीला इथे एकदाही तिच्या नावाने हाक मारली नव्हती. तिच्या माहेरीही हळूहळू कोणी मारेनासं झालं. जे मारणारे होते ते गेले.

दत्तात्रेयला ते नाव माहीत होतं. जसं आपल्याला माहीत असतं की आईही कधीतरी लहान होती. त्याचा उपयोग काय, हे कधी कळलेलं नसतं.

"आई, पडशील!" कमळ धावली.

"धरू नको. मना हाक मारली," म्हातारी दाराची चौकट धरून म्हणाली. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. "मनाच. मोटरला नाय."

*

तिला झोपाळ्यावर बसवलं. नामामामा शेजारी बसला, तिचा हात हातात घेऊन. बराच वेळ दोघं गावातली मेलेली माणसं आठवत राहिली. मग म्हातारी म्हणाली, "सुचिता, ताटात तांदूळ आन. आनि तुझी अंगठी दे."

सुचिताने का म्हणून विचारलं नाही. या घरात तिने पुष्कळ गोष्टी का म्हणून न विचारता आणल्या होत्या. ताट मांडीवर घेऊन म्हातारीने त्यात तळवा फिरवला, तांदूळ सपाट केले.

"लग्नात हेनी असं ताट धरलं," ती म्हणाली. हेनी म्हणजे दत्तात्रेयचे वडील. त्यांचं नाव तिने त्यांच्या माघारीही कधी घेतलं नव्हतं. "अंगठीनं लिवलं. मना वाचता कुटं येत व्हतं. सासूला बोलले, काय लिवलाय? ती बोलली, तुजं नाव. मी चांगली खूस झाले. मना वाटलं ठमाच लिवलाय." ती तांदळाकडे बघत होती. "मग समद्या बाया बायजा बायजा करू लागल्या. मी मागं वळून बघितलं, कोन आलं म्हनून."

प्राप्तीच्या खांद्यावर बाळाला उचकी लागली.

"तवापासनं सांभाळलं. कांद्याचं बी सांभाळलं, विहीर सांभाळली, नाव पन. माजं नवतं तरी. आता मना नको." तिने अंगठी प्राप्तीकडे केली. "तुला लिवता येतं. लिव हिचं नाव. पायजे तर बायजा लिव, नायतर ते तुजं निसटनारं लिव. माजं मी मागं घेते. ठमा."

"आई, असं होत नाही," दत्तात्रेय म्हणाला. "नाव असं सोडता येत नाही. आजवर कोणी सोडलेलं नाही."

"का नाय?"

"नाही सुटत. जिवंतपणी… म्हणजे… रीत आहे ती."

"मग कवा सुटतं?"

दत्तात्रेयने माडांकडे पाहिलं.

"कमळ, तू सांग. कवा सुटतं?"

कमळने पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "आई, आत चल. वारं लागेल."

"प्रनय?"

प्रणयने खिशातून मोबाइल काढला, बघितलं, परत ठेवला. काही आलेलं नव्हतं.

"नामा?"

"मना कशाला विचारतेस गो," म्हातारा म्हणाला. "मी पावना."

म्हातारीची नजर फिरत फिरत सुचितावर आली. सुचिता खांबाला टेकून उभी होती, हात ओल्या पदराला पुसत. तिला आठवलं, दुसऱ्या खेपेला गंगाजळाचा चमचा तिच्याच हातात होता. तोंडात पाणी घालताना ती मनात म्हणाली होती, जा आता, आई. आणि मग चटणी वाटताना रडली होती. त्या रडण्यात म्हातारी वाचल्याचा आनंद किती आणि दुसरं काय किती, हे तिने आजपर्यंत निवडलं नव्हतं. वालासारखं निवडून बाजूला करता येत असतं तर केलं असतं. या बाईचे पाय तिने चोळले होते. हिच्या हाताखाली ती कांद्याच्या वेण्या बांधायला शिकली होती. प्रणयच्या वेळी कळा येत होत्या तेव्हा हिनेच तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"सुचिता," म्हातारी म्हणाली. मऊच म्हणाली. "तू तरी बोल. कवा सुटतं?"

"वहिनी, नको," कमळ म्हणाली.

सुचिता खांब सोडून पुढे आली. झोपाळ्यासमोर खाली बसली. सासूचे दोन्ही पाय तिने हातात घेतले. गार होते, तेलाचा वास येत होता.

"तुम्ही मेल्यावर, आई," ती म्हणाली. "तुम्ही मेल्यावर सुटतं. गणपतीपासून आम्ही सगळे तुम्ही मरायची वाट बघतोय. मी धरून."